गृहकर्जासाठीचं मालमत्ता मूल्यांकन: शुल्क आपलं, अहवाल बँकेचा

गृहकर्जाच्या अर्जासोबत दोन खर्च हमखास येतात. एक वकिलाच्या सर्च रिपोर्टचा, म्हणजे मालकीच्या कागदांच्या तपासणीचा, आणि दुसरा व्हॅल्युएशनचा, म्हणजे घराच्या मूल्यांकनाचा. पहिल्याबद्दल लोक चार प्रश्न तरी विचारतात, दुसरा मात्र बँकेची फॉर्मॅलिटी समजून भरून मोकळे होतात. खरं तर कर्ज किती बसणार, किती वर्षांचं मिळणार आणि काही वेळा मिळणार की नाही, हे या आठ-दहा पानी अहवालावर ठरतं. म्हणून पैसे मोजून घेतलेली कुठलीही सेवा तपासावी तशी ही सेवा इथे तपासली आहे. परीक्षण महाराष्ट्रातल्या राहत्या घरांपुरतं आहे, गोव्यातल्या काही बाबींसह.

मत आधीच सांगतो. पाहणीचं काम बहुतेक ठिकाणी नीट होतं. किंमत काढण्याचं काम शहरातल्या फ्लॅटसाठी चांगलं आणि गावठाणातल्या घरांसाठी कच्चं असतं. ग्राहकाला निकाल समजावून सांगण्यात मात्र सरकारी, खासगी, सहकारी असे सगळेच कमी पडतात. अहवाल बँकेच्या नावाने आणि बँकेच्या वापरासाठी बनतो, तसं त्यावर छापलेलंही असतं. पैसे तुम्ही भरलेत म्हणून व्हॅल्युअर तुमचा होत नाही. तो तुमच्या सौद्याची किंमत बरोबर आहे का, हे पाहायला आलेला नसतो. उद्या हप्ते थकले तर हे घर विकून बँकेचे पैसे सुटतील का, एवढंच त्याला पाहायचं असतं. ही गोष्ट ध्यानात ठेवली की अहवालातल्या अर्ध्याअधिक गोष्टींचा उलगडा होतो.

कोण येतं आणि किती घेतं

रिझर्व्ह बँकेचा नियम असा की मूल्यांकनासाठी बँकेचं संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण हवं, व्हॅल्युअर पात्र आणि स्वतंत्र हवा आणि त्या मालमत्तेत त्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा. ५० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालमत्तेला किमान दोन स्वतंत्र अहवाल लागतात. घराच्या कर्जात सहसा एकच होतो. रक्कम मोठी असेल तर काही बँका आपल्या धोरणानुसार दोन मागवतात आणि त्यातला कमी आकडा धरतात.

येणारा माणूस बहुधा सिव्हिल इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट असतो. कोणी कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ खाली नोंदणी केलेला असतो, कोणी जुन्या संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४एबी खाली. पण कर्जदाराच्या दृष्टीने एकच प्रश्न महत्त्वाचा, तो त्या बँकेच्या पॅनलवर, म्हणजे बँकेने मान्य केलेल्या यादीत, आहे का. पॅनलबाहेरच्या माणसाकडून स्वखर्चाने करून आणलेला अहवाल गृहकर्जासाठी बँक धरत नाही. तो खर्च करू नका.

सरकारी बँकेत काम पॅनलवरच्या व्हॅल्युअरकडे जातं. वेळ थोडा जास्त लागतो, पण अहवाल सविस्तर असतो. त्यात चतु:सीमा (चारी बाजूंना काय आहे), मंजूर नकाशाचा क्रमांक, रेडी रेकनरचा सरकारी दर असं सगळं सापडतं. खासगी बँका आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांकडे स्वतःची टेक्निकल टीम असते, सोबत बाहेरच्या एजन्सी. तिथे दोन-तीन दिवसांत निकाल येतो. मात्र अहवाल आटोपशीर असतो आणि शाखेतल्या माणसालाही बऱ्याचदा फक्त शेवटचा आकडा दिसतो. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांचा व्हॅल्युअर त्याच तालुक्यातला असतो, त्यामुळे गल्लीगल्लीचा भाव त्याला पाठ असतो. गावठाण, वाडा, जुनी चाळ यांचा अंदाज या मंडळींइतका चांगला कोणालाच येत नाही. पण कागदपत्रांची छाननी माणसागणिक कमीअधिक होते.

साध्या फ्लॅटसाठी शुल्क सहसा दोन ते पाच हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बंगला, मोठा प्लॉट किंवा शहराबाहेरची मालमत्ता असेल तर जास्त. कर्ज नाकारलं गेलं तरी हे पैसे परत मिळत नाहीत, कारण पाहणी झालेली असते.

इथे एक कागद कामाचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाआधी मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, देणं बंधनकारक आहे. त्यात मूल्यांकन शुल्काची वेगळी ओळ असते आणि ते बँकेला जाणार की बँकेमार्फत तिसऱ्याला, यासाठी वेगळे रकाने असतात. ही रक्कम वार्षिक टक्केवारी दरात, म्हणजे व्याज आणि शुल्कं मिळून पडणाऱ्या एपीआरमध्येही धरावी लागते. केएफएसमध्ये नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या पूर्ण मुदतीत घेता येत नाही. तिसऱ्याच्या नावाने घेतलेल्या पैशांची पावतीही मागता येते. केएफएस तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं आणि सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात ते किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतं. त्या तीन दिवसांत व्हॅल्युएशनची ओळ शोधून वाचा. 'इतर शुल्क' या नावाखाली ती गुंडाळलेली असेल तर वेगळी करून मागा.

पाहणीच्या दिवशी काय बघतात

पाहणी पंधरा ते चाळीस मिनिटांची. दारावरची पाटी, फ्लॅट क्रमांक आणि वीज मीटरचा क्रमांक आधी जुळवतात. मग लेसर मीटरने किंवा टेपने खोल्या मोजतात. मजला, लिफ्ट, पाणी, गळती, भिंतींच्या भेगा, पार्किंग, समोरच्या रस्त्याची रुंदी यांची नोंद होते. अक्षांश-रेखांश उमटणारे फोटो काढले जातात, त्यातला एक बहुधा तुम्ही किंवा विकणारा दारात उभा असलेला. निघताना वॉचमन, सेक्रेटरी आणि जवळच्या एक-दोन एजंटांना भाव विचारला जातो.

अहवालात चतु:सीमेचे दोन रकाने असतात, एक कागदपत्रांनुसार आणि एक प्रत्यक्ष. पूर्वेला 'फ्लॅट क्र. ४' लिहिलंय आणि प्रत्यक्षात जिना आहे, अशी तफावत फ्लॅटमध्ये बिल्डरच्या जुन्या करारातल्या चुकीमुळे वारंवार निघते. किंमत यामुळे कमी होत नाही, पण फाइल वकिलाकडे परत जाते आणि आठवडा जातो. चूक मोठी असेल तर दोन्ही पक्षांना चूक दुरुस्ती पत्र नोंदवावं लागतं. म्हणून पाहणीच्या आधी करारातली चतु:सीमा हातात घेऊन एकदा घराभोवती फिरून या.

व्हॅल्युअरच्या हातात त्याच दिवशी द्यावेत असे कागद: आधीचा नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत कराची पावती, वीज बिल, सोसायटीचं मेंटेनन्स बिल आणि शेअर सर्टिफिकेट. बंगला किंवा प्लॉट असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, अकृषिक आदेश आणि मोजणी नकाशा. मंजूर नकाशाची प्रत सोसायटीकडे नसणं ही सर्वांत मोठी अडचण. ती महापालिकेतून किंवा नगरपालिकेतून माहिती अधिकारात किंवा नकलेच्या अर्जाने काढता येते, पण त्याला वेळ लागतो. सौदा ठरल्या ठरल्या अर्ज टाका, बँकेने मागायची वाट पाहू नका.

आकडा निघतो कसा

फ्लॅटसाठी एकत्रित दराची पद्धत वापरतात. त्याच भागातल्या अलीकडच्या विक्रीव्यवहारांचा दर चौरस फुटामागे काढायचा, मजला, वय, दर्जा यांप्रमाणे तो वरखाली करायचा आणि क्षेत्रफळाने गुणायचं. भाव सांगणाऱ्या जाहिरातींपेक्षा नोंदणी झालेल्या व्यवहारांना वजन असतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमधून इंडेक्स टू बघता येतात. व्हॅल्युअर ते पाहतो, तुम्हीही पाहू शकता.

वाद होतो तो दरापेक्षा क्षेत्रफळावरून. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचा एक फ्लॅट समजा. विकणारा म्हणतो ११५० चौरस फूट सुपर बिल्टअप (जिना-लॉबीतला वाटाही धरून), दर ८०००, किंमत ९२ लाख. व्हॅल्युअर सुपर बिल्टअप विचारातच घेत नाही. तो कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, मोजतो. टेप लावल्यावर ८२० चौरस फूट भरतात. त्या भागातला कार्पेटचा दर ११,२०० धरला तर ९१ लाख ८४ हजार, म्हणजे सौदा बरोबर वाटतो. मग तो मंजूर नकाशा उघडतो आणि त्यात ७० चौरस फुटांचं उघडं टेरेस दिसतं, जे प्रत्यक्षात काचा लावून हॉलमध्ये घेतलेलं आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन करणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या विभाजक भिंती येतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, खासगी बाल्कनी आणि उघडं टेरेस येत नाही. राहिले ७५०. गुणिले ११,२००, म्हणजे ८४ लाख. काही व्हॅल्युअर टेरेसला दराचा काही हिस्सा देतात, काही अजिबात देत नाहीत. ते बँकेच्या धोरणावर असतं. ड्राय बाल्कनी, फ्लॉवर बेड, पॉकेट टेरेस या सगळ्यांचं हेच. १९९० नंतरच्या पुणे-ठाण्यातल्या इमारतींत असे कोपरे भरपूर आहेत, आणि आकडा कमी येण्याचं आमच्या मते हे पहिलं कारण आहे.

रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक मूल्य दर तक्ता, हा मुद्रांक शुल्कासाठी असतो. अहवालात त्याची ओळ असते, पण बाजारभाव त्यावरून ठरत नाही. त्याची तुलना करताना दोन गोष्टी चुकतात. तो दर चौरस मीटरचा असतो आणि सदनिकेसाठी तो बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटच्या क्षेत्राला लागतो. ७०,००० रुपये चौरस मीटर म्हणजे १०.७६४ ने भागून सुमारे ६५०३ रुपये चौरस फूट, तोही बिल्टअपचा. हा आकडा कार्पेटच्या दराशेजारी ठेवून 'बँकेने रेकनरपेक्षा दुप्पट धरला' किंवा उलट म्हणणं चुकीचं.

बंगल्याला जमीन आणि बांधकाम वेगळं धरतात. जमिनीला घसारा नाही, बांधकामाला आहे. आरसीसी बांधकामाचं आयुष्य सर्वसाधारणपणे ६० वर्षं आणि शेवटी उरणारं मूल्य १० टक्के धरलं जातं, म्हणजे वर्षाला दीड टक्का घसारा. १६०० चौरस फुटांचं ३० वर्षांचं बांधकाम, आज बांधायला २००० रुपये फूट: ३२ लाख. घसारा ४५ टक्के, १४ लाख ४० हजार. उरले १७ लाख ६० हजार. नव्या रंगाने आणि मॉड्युलर किचनने हा हिशेब फारसा हलत नाही. विकणाऱ्याला ते पटत नाही, पण बँकेच्या बाजूने ते रास्त आहे.

वयाचा दुसरा परिणाम मुदतीवर होतो. अहवालात 'उर्वरित आयुष्य' अशी ओळ असते आणि बऱ्याच बँका मुदतीपेक्षा ते किमान पाच वर्षं जास्त मागतात. वरच्या घराचं उर्वरित आयुष्य ३०, म्हणजे मुदत २५ पर्यंत. तुम्ही ३० वर्षांचा हप्ता धरून बसला असाल तर गणित बिघडतं. तीस वर्षांपुढच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट मागतात, आणि सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार ते दर तीन वर्षांनी व्हायलाच हवं. सोसायटीने केलेलं असेल तर त्याची प्रत पाहणीआधीच काढून ठेवा.

अहवालाच्या शेवटी सहसा तीन आकडे असतात: बाजारमूल्य, वसुलीयोग्य मूल्य आणि घाईच्या विक्रीचं मूल्य. दुसरा पहिल्यापेक्षा पाच-पंधरा टक्के आणि तिसरा वीस-पंचवीस टक्के कमी असतो. गृहकर्जासाठी बहुधा पहिला धरतात. मालमत्ता तारण कर्जाला काही संस्था दुसरा धरतात आणि वर त्याच्या ५० ते ७० टक्केच देतात. मंजुरीपत्रात 'मूल्य' लिहिलं असेल तर यातलं कोणतं, हे विचारून घ्या.

कर्ज किती बसतं

रिझर्व्ह बँकेची मर्यादा कर्जाच्या रकमेवर ठरते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, ७५ लाखांपुढे ७५ टक्के. किंमत म्हणून कराराची रक्कम आणि मूल्यांकन यातला कमी आकडा धरण्याची बँकांची रीत आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च त्यात धरता येत नाही. अपवाद फक्त दहा लाखांपर्यंतच्या घराचा. फर्निचरचा वेगळा करार केला असेल तर तोही बाहेर.

सिंहगड रस्त्यावरचं घर परत घेऊ. ९२ लाखांवर ८० टक्के, म्हणजे ७३ लाख ६० हजार मिळतील अशी अपेक्षा होती. ८४ लाखांवर ६७ लाख २० हजार बसतात. सौदा ९२ लाखांचाच राहिला, त्यामुळे खिशातून २४ लाख ८० हजार. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, ६ लाख ४४ हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. एकूण ३१ लाख ५४ हजार. अपेक्षा २५ लाख १४ हजारांची होती. सहा लाख चाळीस हजारांचा हा खड्डा टोकन दिल्यानंतर समोर येतो, आणि टोकनच्या पावतीत त्याबद्दल अक्षर नसतं. टोकन देतानाच लिहून घ्या की बँकेचं मूल्यांकन अमुक रकमेखाली आलं तर टोकन परत. जाणते एजंट हे कलम घालायला विरोध करत नाहीत.

या टप्प्यांचा एक परिणाम फार थोड्यांच्या लक्षात येतो. मूल्य ९३ लाख ७५ हजार ते एक कोटी यांच्या दरम्यान कुठेही असलं तरी कर्ज ७५ लाखांवरच अडकतं, कारण त्यापुढे गेलं की प्रमाण ८० वरून ७५ टक्क्यांवर उतरतं. तसंच ३३ लाख ३३ हजार ते साडेसदतीस लाख या पट्ट्यात कर्ज ३० लाखांवर थांबतं. तुमचं मूल्य या पट्ट्यांत असेल तर फेरमूल्यांकनासाठी भांडण्यात अर्थ नाही. आकडा वाढूनही पट्ट्यातच राहिला तर कर्ज वाढणार नाही.

फाइल कुठे अडते

निगेटिव्ह टेक्निकल रिपोर्ट, म्हणजे या घरावर कर्ज देऊ नये असा मूल्यांकनाचा अहवाल, भावामुळे क्वचित येतो, कागद आणि बांधकाम यांच्या तफावतीमुळे येतो. दोन फ्लॅटमधली भिंत पाडून केलेला जोडफ्लॅट, ज्याला मंजुरी नाही. मंजूर नकाशात चार मजले आणि प्रत्यक्षात पाचवा. भोगवटा प्रमाणपत्र नाही, फक्त बांधकाम सुरू करण्याचा दाखला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना सांगितलं की मंजूर नकाशा घेतल्याशिवाय आणि त्यानुसारच बांधकाम असल्याची खात्री केल्याशिवाय घरबांधणीला कर्ज देऊ नये, आणि अनधिकृत वसाहतींना तर नाहीच. म्हणून यात शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसं काही नसतं. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. जोडफ्लॅट असेल तर दोन स्वतंत्र करार, दोन मीटर आणि दोन दारं शाबूत आहेत का ते बघा. असतील तर काही बँका भिंत परत बांधून देण्याच्या अटीवर दोन्ही मिळून विचार करतात.

जमिनीच्या बाबतीत सातबाऱ्यावरचा 'भोगवटादार वर्ग २' हा शब्द दिसला की सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. नवी मुंबईत सिडकोची, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, त्यामुळे व्हॅल्युअर पट्ट्याची उरलेली वर्षं लिहितो आणि बँक सिडकोची ना हरकत मागते. म्हाडाच्या घराला म्हाडाची. मुंबईतल्या पागडीच्या घराला बहुतेक बँका हात लावत नाहीत, कारण भाडेकरूला गहाण ठेवता येईल असं मालकीचं काही नसतं. पुनर्विकासाला दिलेल्या इमारतीत व्हॅल्युअर जुन्या फ्लॅटची किंमत काढतो, मिळणार असलेल्या मोठ्या घराची नाही.

गावठाणात सातबाराच नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ मिळतो, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन जिथे मालमत्ता पत्रक मिळालं, तिथे हे काम सोपं झालं आहे. जिथे मिळालं नाही, तिथे राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा स्थानिक सहकारी बँकेकडे आधी विचारणं शहाणपणाचं. एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावरचं घर असेल तर तुकडेबंदी आणि गुंठेवारी नियमितीकरणाचा कागद व्हॅल्युएशनचं शुल्क भरण्याआधी वकिलाला दाखवा.

गोव्यात फॉर्म एक व चौदा (तिथला सातबारा), जमिनीच्या रूपांतराची सनद आणि बांधकाम परवाना हे तीन कागद व्हॅल्युअर आधी मागतो. घरात किंवा वाड्यात मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा माणूस, असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि अहवालात ती नोंद झाली की मूल्यही घटतं आणि बँकही मागे सरते. विकणारा विवाहित असेल तर गोव्याच्या नागरी कायद्यामुळे जोडीदाराची सही लागते. मुंबई-पुण्याहून तिकडे घर घेणारे हे विसरतात.

बांधकाम चालू असताना

इथे मूल्यांकन एकदा होऊन संपत नाही, प्रत्येक हप्त्याआधी टेक्निकल व्हिजिट होते. अहवालात दोन टक्केवाऱ्या असतात: झालेलं काम आणि शिफारस केलेली रक्कम. या वेगळ्या का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. महारेराच्या नमुना करारात पैसे देण्याच्या मर्यादा आहेत: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यानंतर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती, आतला गिलावा आणि फरशी झाल्यावर ७५, असं करत लिफ्ट आणि विजेच्या कामानंतर ९५. जोतं झालं म्हणजे इमारतीचं ४५ टक्के काम झालं असं नाही. व्हॅल्युअर काम कमी लिहितो आणि शिफारस करारातल्या टप्प्याप्रमाणे करतो. जमिनीची किंमत आणि परवान्यांचा खर्च आधीच झालेला असतो, हे त्यामागचं कारण. पण बिल्डरने टप्प्याच्या पुढची मागणी केली तर बँक ती अडवते. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आगाऊ पैसे सोडण्यावर घातलेल्या बंधनाचा हा ग्राहकाला झालेला खरा फायदा आहे. बिल्डरचा तगादा आला की टेक्निकल रिपोर्टमधली शिफारस बँकेकडून लेखी मागा आणि तीच त्याला पाठवा.

स्वतः घर बांधत असाल तर इंजिनिअरचं अंदाजपत्रक व्हॅल्युअर तपासतो. फुगवलेलं अंदाजपत्रक तो कापतो, पण कमी दाखवलेलं वाढवत नाही. ही दुसरी बाजू महागात पडते, कारण गिलाव्यापर्यंत पोचल्यावर कर्ज संपलेलं असतं. कंपाउंड, बोअरवेल, सेप्टिक टँक आणि वीज जोडणी अंदाजपत्रकात आहेत का, ते आधीच पाहा.

करारातली कलमं

कर्जकराराच्या पंचवीस-तीस पानांत मूल्यांकनाशी संबंधित मजकूर विखुरलेला असतो. पहिलं कलम पुनर्मूल्यांकनाचं: बँक केव्हाही तपासणी व फेरमूल्यांकन करू शकेल, खर्च कर्जदाराचा. दुसरं तारण कमी पडण्याचं: मूल्य घसरलं तर जादा तारण द्या किंवा फरक भरा. नियमित हप्ते भरणाऱ्या घरमालकावर दुसरं कलम बँका एरवी वापरत नाहीत, पण सही करताना ते माहीत असावं. पहिल्याचा खर्च केएफएसमध्ये आहे का, ते जुळवून बघा. टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेताना किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना फेरमूल्यांकन आणि त्याचा खर्च पुन्हा येतो. व्याजातल्या बचतीतून तो वजा करा.

तिसरं कलम फेरफाराचं. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय भिंत पाडू नये, मजला चढवू नये. चौथं विम्याचं, आणि इथे सर्रास गल्लत होते. विमा बाजारमूल्याचा नसतो, बांधकाम पुन्हा उभं करण्याच्या खर्चाचा असतो. ८४ लाखांच्या फ्लॅटचं १००० चौरस फूट बिल्टअप बांधायला २५०० रुपये फूट धरले तर २५ लाख. कर्जाइतका विमा गळ्यात मारला जात असेल तर अहवालातली पुनर्बांधणीच्या खर्चाची ओळ दाखवून रक्कम कमी करून घ्या.

हप्ते थकून सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण ताब्यात घेऊन विकण्याची, कारवाई झाली तर हा जुना अहवाल चालत नाही. कलम १३(२) च्या नोटिशीला ६० दिवस असतात, आणि विक्रीआधी त्या कायद्याखालच्या नियम ८(५) प्रमाणे मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून नवं मूल्यांकन घेऊन राखीव किंमत ठरवावी लागते. ती फार खाली धरली असेल तर आक्षेप लेखी आणि लगेच घ्या, आसपासचे इंडेक्स टू जोडून.

आकडा कमी आला तर

आधी अहवालाची प्रत मागा. काही बँका देतात, काही फक्त आकडा सांगतात. ही या सेवेतली सर्वांत मोठी उणीव आहे आणि शुल्क कर्जदाराकडून घेतलं जात असताना ती समर्थनीय नाही. प्रत नाही मिळाली तरी चार गोष्टी तोंडी विचारा: क्षेत्रफळ किती धरलं, दर किती, वय किती, कोणते व्यवहार पाहिले. चूक सापडली तर बहुधा क्षेत्रफळात किंवा मजल्यात सापडते. मग त्याच इमारतीतले, नसतील तर शेजारच्या, गेल्या वर्षभरातले दोन-तीन इंडेक्स टू आणि मंजूर नकाशाची प्रत जोडून ईमेलवर फेरपाहणी मागा. 'दर कमी आहे' असं नुसतं लिहू नका, कोणत्या व्यवहारात चौरस फुटामागे किती पडले ते लिहा. बँक पॅनलवरच्या दुसऱ्या व्हॅल्युअरकडे काम देऊ शकते, शुल्क मात्र पुन्हा पडतं. तेवढ्याच पैशात दुसऱ्या बँकेत अर्ज होतो, हेही तपासा.

किंमत किती धरावी हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यावर तक्रार टिकत नाही. पण केएफएसबाहेर शुल्क घेतलं, पावती दिली नाही, शुल्क घेऊन पाहणीच केली नाही, यावर टिकते. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार लोकपालाकडे नाही, राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते.